‘आई, इंटरफेस घेऊया ना’

आमचा मुलगा नववीत असताना एका रात्री जेवता जेवता हे म्हणाला. मला शब्दच कळला नाही. त्याच्या बाबांनी विचारलं, ‘केवढ्याला?’ आणि बोलणं तिथेच पैशांवर गेलं. आज माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांतून हाच प्रश्न येतो. मुलगी गाते, मुलगा बीट बनवतो, आणि त्यांना घरातल्या घरात रेकॉर्डिंग करायचंय. आईबाबा मला फोन करून विचारतात, काय घेऊ? म्हणून आमच्या घरात जे शिकायला मिळालं ते आज मनापासून सांगते.

आधी आमची चूक. ‘संगीत करायचंय’ एवढंच ऐकून आम्ही दुकानात गेलो आणि दुकानदाराने दाखवलेला एकसष्ट पट्ट्यांचा मोठा कीबोर्ड घेऊन आलो. आपल्याकडे त्याला सरसकट कॅसिओच म्हणतात. त्यात शंभर ताल, शेकडो वाद्यांचे आवाज. मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने ‘थँक्यू’ म्हटलं, चार दिवस वाजवला आणि मग तो कीबोर्ड चादरीत गुंडाळून दिवाणाखाली गेला. त्याला लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरला स्वर सांगणारी पट्ट्यांची फळी हवी होती. तिला स्वतःचा आवाज नसतो, ती फक्त कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढं कळवते. हे कळवायची बोली म्हणजे मिडी, १९८३ पासून जगभरची इलेक्ट्रॉनिक वाद्यं तीच बोलतात. दोन वर्षांनी दिवाण हलवला तेव्हा मुलानेच दाखवलं, त्या कीबोर्डच्या पाठीमागे यूएसबीचं छिद्र होतं. दोन-तीनशे रुपयांच्या वायरीने तो लॅपटॉपला जोडला गेला आणि तेव्हापासून रोज वापरात आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं: दुकानात जायच्या आधी घरात काय पडलंय ते मुलासोबत बसून बघा, आणि त्याला नेमकं काय करायचंय ते त्याच्याच तोंडून ऐका. गायचंय, बीट बनवायचेत, की तबला-पेटी रेकॉर्ड करायचीय? प्रत्येकाचं सामान वेगळं.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला एक रुपयाही घालवायची गरज नाही. घरात अ‍ॅपलचा लॅपटॉप किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. तिथे सुरू केलेलं गाणं पुढे अ‍ॅपलच्याच लॉजिक या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उघडतं. साधा अँड्रॉइड फोन असेल तर बँडलॅब आहे. विंडोजवर रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. बीट करणाऱ्या पोरांमध्ये एफएल स्टुडिओ फार चालतं. त्याची चाचणी आवृत्ती फुकट आहे, पण एक मेख लक्षात ठेवा. तिच्यात काम सेव्ह होतं, मात्र बंद करून पुन्हा उघडता येत नाही. मुलगा चिडून बसला तर ते कारण असू शकतं. विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतात, म्हणून ते नीट ठरवून घ्यावं.

क्रॅकबद्दल, म्हणजे चोरून फोडलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, मी घरात कडक आहे आणि तुम्हीही असा. ‘सगळेच वापरतात’ हे मीही ऐकलं. व्हायरसची भीती खरी आहे, पण माझं कारण त्याहून जवळचं आहे. उद्या आपल्या मुलाचं गाणं कोणी न विचारता उचललं तर त्याला जे वाटेल, तेच ते सॉफ्टवेअर करणाऱ्यालाही वाटतं. फुकटात एवढं चांगलं मिळत असताना चोरी कशाला?

वस्तूंमध्ये माझ्या मते पहिला खर्च हेडफोनवर. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद आणि वायरवाले. ब्लूटूथ इथे चालत नाही. त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागाहून येतो आणि ताल सुटतो. चार-पाच हजारांत नावाजलेल्या कंपनीचे चांगले वायरवाले हेडफोन येतात. स्पीकर मात्र सगळ्यात शेवटी. दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीला चिकटलेल्या टेबलावर महाग स्पीकरही खोटं बोलतात, खर्ज फुगवून दाखवतात.

हेडफोन आले की कानाची काळजी आपली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलला मात्र फक्त चार तास. मुलं रात्री तासन्‌तास बसतात, आणि कान थकला की आवाज आणखी वाढवतात. आम्ही दर तासाला दहा मिनिटं हेडफोन काढायचे असा नियम केला. तो पाळताना मी मुलाला पाणी नेऊन देते, म्हणजे टोकल्यासारखं वाटत नाही. कानात शिट्टीसारखा आवाज येतो असं मूल म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका, कानाच्या डॉक्टरकडे न्या.

मग येतो तो इंटरफेस. माइकमधून येणारा दुबळा संकेत तो मोठा करतो आणि सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लॅपटॉपला आकड्यांत देतो. एकटं गाणाऱ्या मुलाला एक माइक आणि एक गिटार एवढी जागा पुरे. साधा चार-पाच हजारांच्या आसपास, नावाजलेला दहा हजारांच्या वर. बघायचं ते एवढंच: गाणाऱ्याला स्वतःचा आवाज थेट ऐकवणारं बटण आहे का, आणि ४८ व्होल्टचं बटण आहे का. कंडेन्सर माइक त्या विजेशिवाय मुकाच राहतो. तो आणून इंटरफेसला जोडला, बटण दाबायचं राहिलं आणि माइक बिघडला म्हणून परत पाठवला, असं एका घरात खरंच झालंय.

कंडेन्सर सगळं ऐकतो. आम्ही डोंबिवलीत रेल्वेच्या बाजूला राहतो. उसन्या कंडेन्सरवर मुलाने पहिलं गाणं केलं, त्यात दुसऱ्या कडव्याआधी लोकल गेली, पंख्याची घरघर आली आणि माझ्या बांगड्याही वाजल्या. अशा घरात डायनॅमिक माइक बरा. तो तोंडाजवळ धरून गायचा, लांबचं तो फारसं घेत नाही. शुअर कंपनीचा एसएम५८ हा असा माइक १९६६ पासून स्टेजवर वापरतात, पडला-आपटला तरी टिकतो, दहा हजारांच्या आसपास मिळतो आणि मुलाच्या हातात द्यायला मला तोच ठीक वाटतो.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. बाहेरचा आवाज त्यांनी थांबत नाही, त्यासाठी जड भिंत आणि घट्ट बंद होणारी खिडकी लागते. खोलीचा घुमारा कमी करायचा असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून गायचं आणि मागे दोरीवर जाड गोधडी टाकायची. माइक गाणाऱ्याच्या मागून येणारा आवाजही पकडतो, म्हणून मऊ वस्तू त्याच बाजूला हवी. आमच्या आजीची गोधडी आता त्याच कामाला आहे.

रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘गुंऽऽ’ येत असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी वायरमनला बोलवा. आमच्याकडे मुलगा लॅपटॉपच्या धातूला हात लावायचा तेव्हा गुणगुण थांबायची, हात काढला की पुन्हा सुरू. त्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. ते जोडलं आणि आवाज गेला. प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्यात मुलाच्या जिवाला धोका आहे.

पालक मला गायिका बिली आयलिशचं उदाहरण देतात. तिचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरात, भाऊ फिनियसच्या छोट्या बेडरूममध्ये झाला, आणि २०२० मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. हे ऐकून काहींना वाटतं, सामान आणलं की झालं. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. दोन बेडरूमचं घर, दोन्ही बेडरूम मुलांना देऊन आईवडील हॉलमध्ये झोपत. आई गाणी लिहायला शिकवायची. आपल्या मुलाला ग्रॅमी मिळेल की नाही हा विषयच नाही. घरातली एक जागा आणि दिवसातला एक तास त्याच्या कामाला मिळतोय का, हे मी आधी बघते. आमच्याकडे संध्याकाळी सात ते आठ कुकर लागत नाही आणि मिक्सर चालत नाही. हा खर्च शून्य आहे आणि सगळ्यात कठीणही, कारण तो रोज करावा लागतो.

पुढची वस्तू कधी घ्यायची? आम्ही ठरवलंय, तीन गाणी पूर्ण झाली की. अर्धवट नव्हे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि एक जुनी हार्ड डिस्क मुलाच्या कामाच्या नकलेसाठी ठेवली आहे, दर रविवारी तो तिच्यावर सगळं उतरवतो. दहावीच्या वर्षी लॅपटॉप बंद पडला तेव्हा एकही गाणं गेलं नाही.

मूल गाणं ऐकवायला आलं की टीव्ही बंद करा. ‘छान झालंय’ म्हणून उठू नका, शब्द कळले का ते सांगा. हेडफोनमध्ये जमलेलं गाणं फोनच्या इवल्याशा स्पीकरवर विस्कटू शकतं, म्हणून त्याला आपलं साधं ऐकणं हवं असतं. मी पोळ्या लाटत असते तेव्हा तो फोन पिठाच्या डब्याला टेकवून गाणं लावतो आणि दारात उभा राहतो. शब्द कळला नाही की मी लाटणं वर करते. तो आत जातो, आवाज थोडा वर घेतो आणि पुन्हा पाठवतो. काल तिसऱ्या वेळेला लाटणं खालीच राहिलं.