संघ जिंकतोय, मग क्लब बुडाला कसा?



"सर, धंदा जोरात आहे. कर्ज काढून दुसरं दुकान टाकू का?" प्रत्येक चांगल्या सीझननंतर मला हा प्रश्न येतोच. आज उत्तर एका फुटबॉल क्लबच्या हिशोबातून बघू.

इंग्लंडचा लीड्स युनायटेड. 2000 मध्ये प्रीमियर लीगमध्ये तिसरा नंबर, 2001 मध्ये थेट चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. अशा वेळी क्लब चालवणाऱ्यांना तीन गोष्टी दिसतात:

1. चॅम्पियन्स लीगमध्ये टिकलो तर टीव्हीचा आणि बक्षिसाचा मोठा पैसा.
2. जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूंचा भाव चढतो.
3. क्लबची किंमत वाढते. लीड्स तर शेअर बाजारात होता.

यात चूक काहीच नाही. प्रत्येक मालक हाच विचार करतो, आपणही करतो.

मग चुकलं कुठे?

खेळाडू घेतले, मोठ्या पगाराचे करार केले. भविष्यातल्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पौंडांचं कर्ज काढलं. म्हणजे खर्च पक्का, कमाई मात्र 'नंबर आला तर'.

2001 मध्ये लीगमध्ये चौथे आले. प्रवेश पहिल्या तिघांना होता आणि लीड्सला एकच गुण कमी पडला. पुढच्या वर्षी पाचवे. दार बंद! पगार आणि हप्ते मात्र चालूच.

मग विक्री सुरू झाली. रिओ फर्डिनांडला 1 कोटी 80 लाख पौंडांना घेतलं होतं, तो सुमारे 3 कोटींना गेला. तिथे फायदा झाला. पण 1 कोटी 20 लाखांचा रॉबी कीन 70 लाखांत द्यावा लागला. रॉबी फाउलरला विकल्यावरही त्याच्या पगारातला काही भाग लीड्सच भरत होता! गरजू विक्रेत्याला भाव मिळत नाही, हे आपल्याला बाजारात रोज दिसतं.

2004 मध्ये संघ खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. त्याच वर्षी स्वतःचं मैदान, एलंड रोड, विकावं लागलं. प्रीमियर लीगमध्ये परतायला 2020 उजाडलं.

आता तुमचा हिशोब

वही काढा. मागच्या 12 महिन्यांतले सगळ्यात मंद 3 महिने निवडा. दिवाळीचा महिना अजिबात धरू नका. त्या 3 महिन्यांत मालाची किंमत वजा करून किती उरलं? त्यातून भाडं, पगार, चालू हप्ते आणि घरखर्च काढा. उरलेल्या रकमेत नवीन दुकानाचं भाडं आणि हप्ता बसतो का?

बसत असेल तर बिनधास्त पुढे जा. बसत नसेल तर या सीझनचा नफा आधी जुनी उधारी फेडायला वापरा, थोडा बाजूला ठेवा. दुसरं दुकान पुढच्या वर्षीही टाकता येईल.

चांगल्या दिवसांत कमाई वाढवा, पण हप्ता ठरवताना मंदीचा महिना डोळ्यांसमोर ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!