तबकडीवरची अनुक्रमणिका

कोऱ्या सीडीवर लेसर किरण पडला की आतल्या रंगद्रव्याच्या थरात ठिपका उमटतो. तबकडीवर असतात ते एवढेच : ठिपके आणि मधल्या मोकळ्या जागा. मग तुमचा निबंध कोठे सुरू होतो, कोठे संपतो हे यंत्राला कसे समजावे? त्यासाठी तबकडीवरच अनुक्रमणिका लिहावी लागते. ती लिहिण्याच्या ठराविक पद्धतीला फाइल-प्रणाली म्हणतात.

१९८८ साली ‘आयएसओ ९६६०’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात माहितीचे २०४८ बाइटांचे खंड पाडतात. क्रमांक ० ते १५ चे खंड सोडून यंत्र १६ व्या खंडाकडे जाते आणि तेथे ‘सीडी००१’ ही खूण शोधते. ती सापडली की पुढची वाट मोकळी.

पण या मानकाच्या पहिल्या पातळीत नाव फक्त आठ अक्षरांचे, पुढे तीन अक्षरी शेपूट. तेही मोठी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतूनच! समजा, शाळेच्या जुन्या हस्तलिखितांच्या चारशे पानांची छायाचित्रे तुम्ही देवनागरी नावे देऊन साठवली. नुसत्या या पद्धतीने लिहिल्यास नावांच्या जागी अधोरेषांच्या रांगा दिसू शकतात. ठिपके शाबूत, पण कोणते पान कोणत्या वर्षाचे हे कळायला चारशे फाइली उघडा!

यावर १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जोलिएट’ आणले. यात युनिकोडमधली दुसरी अनुक्रमणिका पहिलीच्या जोडीला राहते. दोन्ही बोट दाखवतात त्याच फाइलींकडे. नावाला मर्यादा ६४ वर्णांची. मात्र ‘विज्ञान’ हा शब्द दिसायला तीन अक्षरी असला तरी युनिकोडमध्ये त्याचे वर्ण सात होतात (व, ि, ज, ्, ञ, ा, न). तेव्हा नावे आटोपशीरच बरी. लिनक्सवाल्यांसाठी ‘रॉक रिज’ ही निराळी पुरवणी आहे.

मोठ्या चित्रफितींचा प्रश्न वेगळा. आयएसओमध्ये लांबीचा आकडा ३२ बिटांत लिहितात, म्हणजे एका सलग तुकड्याची मर्यादा सुमारे ४२९ कोटी बाइट. साध्या डीव्हीडीवर ४७० कोटी मावतात! अशा वेळी ‘यूडीएफ’ घ्यावी.

‘के-थ्री-बी’ किंवा ‘इमेजबर्न’ यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे पर्याय निवडता येतात. छायाचित्रांसाठी मी आयएसओ आणि जोलिएट ही जोडीच सुचवीन. लिहून झाल्यावर तबकडी बंद करण्याचा, म्हणजे ‘फायनलाइज’चा पर्याय विसरू नये. नंतर ती दुसऱ्या संगणकात घालून दोन-चार फाइली, विशेषतः शेवटी लिहिलेल्या, उघडून पाहाव्यात.