प्रसादापूर्वी हस्तप्रक्षालन

खानदेशातील अनेक मोठ्या यात्रा उन्हाळ्यात भरतात. धुळे येथे पांझरेच्या काठी एकवीरादेवीची यात्रा चैत्रात, तर अमळनेर येथे बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते. ज्येष्ठात संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून निघून सुमारे महिनाभराच्या पायी वाटचालीनंतर पंढरपुरास पोहोचते. उन्हाळ्यात पाणी अपुरे, तर पावसाच्या आरंभी गढूळ. पोटाच्या विकारांना हे दोन्ही काळ अनुकूल ठरतात.

पूर्वी पंढरीच्या वारीत पटकीची साथ उद्भवत असे व परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगावी जात असे. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कोलकाता येथे तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात व हातांवर, आणि तेथून अन्नात, असा या जंतूंचा प्रवास असतो. हगवण व विषमज्वर यांचे जंतूही याच मार्गाने पसरतात.

महाप्रसादाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढली जाते. बट्टी हातानेच कुस्करून वरणात कालवावी लागते. साहजिकच हातावर जे असेल ते अन्नात उतरते. तीर्थही तळहातावरच घेतले जाते. पंगतीपूर्वी हातावर नुसते पाणी घेतल्याने वरवरची धूळ जाते. परंतु त्वचेवरील तेलकट थराला चिकटलेले जंतू सुटण्यास साबणच हवा. नदीकाठची माती स्वतःच दूषित असू शकते. म्हणून शौचानंतर हात मातीने घासू नयेत.

हात धुण्याची योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे :

१) हात ओले करून नळ बंद करावा व साबण लावावा. त्यामुळे पाण्याची बचत होते.
२) तळहात, हातांची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांखालील भाग किमान २० सेकंद चोळावा.
३) वाहत्या पाण्याने हात धुवावेत. नळ नसल्यास दुसऱ्याने तांब्याने पाणी घालावे. सर्वांच्या बादलीत हात बुडवू नयेत.
४) हात स्वच्छ कापडाने पुसावेत अथवा हवेत वाळवावेत. मळक्या उपरण्यास वा पदरास पुसू नयेत.

शौचानंतर, लहान मुलाची शी धुतल्यावर, तसेच स्वयंपाकापूर्वी व तीर्थप्रसाद घेण्यापूर्वी हात अवश्य धुवावेत. वाढणाऱ्या सेवेकऱ्यांनी तर विशेष दक्षता घ्यावी. कारण एका हाताचा दोष शेकडो पानांवर जातो. मळलेल्या हातांवर सॅनिटायझरचा पुरेसा उपयोग होत नाही. कोणास जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनी द्यावी व त्वरित आरोग्य पथकाकडे न्यावे. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत विलंब जिवावर बेततो.

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. मुक्ताबाईंच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास न्याव्या लागल्या. साथ आली की देवाची वाटही थांबते, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले. भाविकाने घरी प्रसाद न्यावा, आजार नेऊ नये. त्यासाठी साबणाची एक वडी व तांब्याभर पाणी पुरेसे आहे.