डांबरी रस्ता आणि पावसाचे पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुका पूर्णेच्या खोऱ्यात वसलेला आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वर बांधलेल्या रस्त्यालाही त्यामुळे तडे जातात व त्यांतून पाणी आत शिरते. खडीला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. वाहनांच्या दाबाखाली हे पाणी खडीवरील डांबर सोडविते. खडी निखळते आणि खड्डा पडतो.

यावर मिश्रणातच उपाय करता येतो. खडीच्या वजनाच्या सुमारे १ ते २ टक्के विरवलेल्या चुन्याची पूड मिसळल्यास डांबर खडीला घट्ट धरून राहते. डांबरात अल्प प्रमाणात मिसळावयाची रासायनिक द्रव्येही उपलब्ध आहेत. याची परीक्षा सोपी आहे. डांबर माखलेली खडी ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवतात. खडीच्या किमान ९५ टक्के पृष्ठभागावर डांबर टिकले पाहिजे.

मात्र खडी मातकट असल्यास किंवा रस्त्याकडेची गटारे तुंबलेली असल्यास या उपायांचा फारसा लाभ होत नाही. डांबरीकरणापूर्वी परीक्षेचा अहवाल पाहणे आणि पावसाळ्यापूर्वी गटारे मोकळी करून घेणे, एवढी दक्षता पंचायत सदस्यांनी घेतली, तर रस्त्यावर खर्ची पडलेला गावाचा पैसा पहिल्याच पावसात वाहून जाणार नाही.