लिंबातील पिवळी द्रव्ये
हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ‘क’ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात मिळविले होते. परंतु ज्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सहज फुटत, अशा काही रुग्णांना त्याने गुण येईना. लिंबाच्या अर्काने मात्र आला. अर्थातच लिंबात आणखी काही असले पाहिजे! १९३६ साली त्यातील पिवळ्या द्रव्यांना ‘प’ जीवनसत्त्व असे नाव मिळाले. पुढे ती जीवनास अनिवार्य नाहीत असे ठरून ते नाव गेले, द्रव्ये राहिली. त्यांनाच आता फ्लेव्होनॉइड म्हणतात. संत्री, सफरचंदे, चहा यांत ती असतात. ती ज्यांच्या आहारात भरपूर, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळतो. कांद्यात ती बाहेरच्या थरांत अधिक. घाईने सोलणारा नेमके तेच टाकून देतो.