रोहा जंक्शन म्हणावे का?

प्रश्न : रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते. मग ते जंक्शन का नाही?
– एक वाचक, रोहा

उत्तर : जंक्शन ठरते रुळांना फाटा फुटल्यावर, कारभार बदलल्याने नव्हे. रोह्याला फक्त हद्द बदलते, रूळ सरळ कोलाड-माणगावकडे जातात. दिव्याची मेमू इथे रिकामी होते, पण मार्ग संपत नाही, त्यामुळे टर्मिनसही नव्हे. पेणला मात्र थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांचा मार्ग फुटतो. फलकावर काहीही असो, अर्थाने ते जंक्शनच. अलिबागचा रस्ता फुटतो ते वडखळही जंक्शन, आपण नाका म्हणतो. ‘जंक्शन जेवण’ हा खास मराठी थाट, इंग्रजाला कळायचा नाही! आणि ‘निर्णायक वेळ’ या अर्थी इंग्रजीत जंक्शन लिहू नका, तिथे जंक्चर हवे.