पूर्ण एक मिनिट : यांत्रिक घड्याळ जुळविण्याच्या छंदाविषयी

माझ्या मनगटावरील घड्याळ पाहून ‘हे कोणत्या कंपनीचे?’ असे विचारणारे सहकारी गेल्या काही वर्षांत बरेच भेटले. ‘माझ्या घरच्या टेबलाचे,’ हे उत्तर त्यांना विनोद वाटतो. ते उत्तर पूर्ण खरे नाही, हेही मान्य केले पाहिजे. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकाराने जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने घडवून घड्याळे निर्माण केली. त्या तपश्चर्येशी आमच्या छंदाची तुलना नाही. आम्ही तयार मशीन घेतो. तबकडी, काटे, काच, केस आणि पट्टा आपल्या आवडीने निवडतो, सारे जुळवितो आणि शेवटी त्याची चाल साधतो. परंतु एवढ्यानेही या छंदाने मला व्यवसायातील एक विसरत चाललेली गोष्ट पुन्हा शिकविली. म्हणून यंदा हा लेख.

घड्याळाची शरीररचना

यांत्रिक घड्याळात सेल नसतो. चावी दिल्यावर एका गोल डबीत गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग ताणली जाते. तिची शक्ती दातेरी चक्रांच्या साखळीतून पुढे जाते आणि शेवटच्या चक्रापाशी, म्हणजे एस्केप व्हीलपाशी, अडविली जाते. माणकाचे दोन इवलेसे दात असलेला पॅलेट फोर्क हे चक्र एका वेळी थोडेसेच सोडतो. तो कधी सोडावयाचा हे ठरवितो बॅलन्स. हे गोल चक्र केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या आधाराने मागेपुढे झुलत राहते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ही या अडविण्या-सोडण्याची आहे. बॅलन्सला सर्पिल स्प्रिंग जोडण्याची कल्पना ख्रिस्तियान हायगेन्स याने १६७५ मध्ये प्रसिद्ध केली आणि खिशातले घड्याळ खऱ्या अर्थाने विश्वासार्ह होऊ लागले.

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये बॅलन्सचे तासाला १८,००० ठोके पडतात. म्हणजे सेकंदाला ५, मिनिटाला ३००. नवजात बाळाचे हृदय मिनिटाला साधारण १२० ते १६० वेळा पडते, तेव्हा हे यंत्र त्याच्याही दुपटीने धावते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत त्याने १० सेकंदांची चूक केली, तर ती सुमारे ०.०१२ टक्के भरते. हाडामांसाच्या यंत्रांकडून आपण इतकी अपेक्षा ठेवीत नाही.

पहिला रुग्ण घरचा नको

माझी सुरुवात चुकीने झाली. वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ त्यांच्या पश्चात कपाटात बंद पडून होते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला आणि पुढील तीन दशके मध्यमवर्गीय घरांत परीक्षेतील यशाचे, लग्नाचे, निवृत्तीचे घड्याळ म्हणजे बहुधा एचएमटीच असे. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्या घड्याळाची मला प्रकर्षाने आठवण झाली. १७ माणकांचे ते साधे, चावीचे मशीन. मनात आले, आपण शिरेत सुई घालणारे बालरोगतज्ज्ञ. हे काय अवघड?

एका रविवारी मागचे झाकण उघडले. बॅलन्सचा पूल उचलताना चिमटा किंचित घसरला. बॅलन्स हेअरस्प्रिंगला लोंबकळला आणि क्षणार्धात तिची वेटोळी एकमेकांत गुंतली. सोडविण्याचा प्रयत्न करीत गेलो तसतशी ती अधिक बिघडत गेली. दोन तासांपूर्वी ते घड्याळ केवळ थांबलेले होते. आता ते मी मोडले होते.

मांडवीजवळच्या एका गल्लीत बसणाऱ्या वृद्ध घड्याळजींकडे मी ते नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आधी काय बिघडले होते?’ मला सांगता येईना, कारण मी ते पाहिलेच नव्हते. निदान करण्यापूर्वीच मी शस्त्रक्रिया केली होती. मूळ दोष जुन्या, चिकट झालेल्या तेलाचा होता. स्वच्छतेने घड्याळ चालले असते. त्यांनी त्याच जातीच्या एका निकामी घड्याळातून संपूर्ण बॅलन्स काढून बसविला आणि हसत म्हणाले, ‘पहिला रुग्ण घरचा नको.’ वडिलांचे घड्याळ आज चालते, पण त्याची नाडी दुसऱ्याची आहे. ही बोच मी मुद्दाम पुसलेली नाही.

प्रारंभ करणाऱ्यांसाठी

नव्याने हा छंद धरू इच्छिणाऱ्यांनी वाया गेले तरी चालेल असे मशीन घ्यावे. पन्नाशीच्या डोळ्यांना मोठे मशीन सोयीचे. मी मूळ युनिटास घराण्यातील ६४९८ या रचनेचे मशीन घेतले. त्याचा व्यास ३६.६ मिलिमीटर असून ते चावीचे आहे, आणि सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी फिरतो. याच रचनेवर आधारित चिनी मशीन बरेच स्वस्त मिळते. स्वयंचलित हवे असल्यास सेइकोचे एनएच ३५ हे मशीन प्रसिद्ध आहे. २४ माणके, तासाला २१,६०० ठोके आणि सुमारे ४१ तासांचा साठा असलेल्या या मशीनसाठी तबकड्या व केस सहज उपलब्ध होतात. जुनी भारतीय घड्याळे विकत घेताना मात्र सावध असावे. नव्याने रंगविलेल्या तबकड्या आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो.

साधनांत भिंग, दोन उत्तम चिमटे, बारीक पेचकसांचा संच, मशीन धरण्याचा साचा, काटे बसविण्याचे दाबयंत्र, हवेचा फुगा आणि रबरी बोटमोजे पुरेत. टेबल छातीच्या उंचीचे असावे आणि खाली पांढरा कागद अंथरावा. पंखा बंद!

जुळणीचा क्रम असा. प्रथम तबकडीचे दोन पाय मशीनच्या छिद्रांत बसवून कडेचे स्क्रू आवळावेत. मग तासाचा व मिनिटाचा काटा बरोबर बारावर बसवावा आणि चावीने काटे पूर्ण बारा तास फिरवून ते एकमेकांस अथवा तबकडीस लागत नाहीत ना, हे पाहावे. सेकंदाचा काटा शेवटी. नंतर चावीचा दांडा काढून मशीन केसमध्ये ठेवावे. या मशीनमध्ये दांडा सोडविणारा स्क्रू एक-दोन फेरेच सैल करावा; पूर्ण काढल्यास आतील तरफ निसटते आणि तबकडी पुन्हा उतरवावी लागते. दांडा लांब येतो. तो एकदम न कापता थोडा थोडा कापावा व प्रत्येक वेळी लावून पाहावा, कारण कापलेले परत जोडता येत नाही. नव्या मशीनला वरून तेल घालू नये. जास्त तेल पसरून नको तेथे पोहोचते.

शेवटची तपासणी टाइमग्राफरवर. हे छोटे यंत्र घड्याळाचे ठोके ऐकून पडद्यावर रेषा उमटविते. आपल्या ईसीजीचा भाऊच म्हणा ना! दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंशांत झुलतो आणि दोन्ही बाजूंच्या झोक्यांत किती फरक आहे, हे तीन आकडे त्यावर मिळतात. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी मशीनचा झोका, तबकडी वर ठेवली असता, साधारण २७० ते ३१० अंश असतो. उभ्या स्थितीत तो थोडा कमी होतो. घड्याळ अचानक फार पुढे पळू लागले, तर प्रथम चुंबकत्वाचा संशय घ्यावा. हेअरस्प्रिंगची वेटोळी चिकटली की ती जणू आखूड होते. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या स्थितींत, वेगवेगळ्या वेळी मोजावे.

बालरोगतज्ज्ञाची सूचना

घरात लहान मूल असेल तर हे टेबल बंद दाराआड असावे. भिंगाच्या दिव्यात आणि इतर उपकरणांत बटन सेल असतात. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. मुलाने तो गिळल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे. भाग धुण्याचे पेट्रोलजन्य द्रव पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नयेत आणि मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये; द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. १९६० पूर्वीच्या चमकणाऱ्या तबकड्यांत रेडियम असू शकते. चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. असा रंग खरवडू नये.

एका मिनिटाचे मोल

इंग्लंडमधील लिचफील्डचे वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ खास करवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सेकंद काटा तेव्हा दुर्मीळ होता. आज तो सर्वत्र आहे. दुर्मीळ झाले आहे ते मिनिट.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. बाह्यरुग्ण कक्षात गर्दी होती. खोकणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाचे श्वास मी पंधरा सेकंद मोजले. अकरा भरले. चारने गुणून ४४ लिहिले आणि औषधाची चिठ्ठी ओढली. त्याच आठवड्यात माझे पहिले घड्याळ पूर्ण झाले होते. पुन्हा त्याच्याकडे पाहण्याच्या मोहाने म्हणा, मी ते टेबलावर ठेवले आणि सेकंदाचा छोटा काटा संपूर्ण फेरी मारीपर्यंत बाळाची छाती पाहत राहिलो. ५४ भरले. लहान बाळ एकसारखे श्वास घेत नाही. म्हणूनच पूर्ण मिनिट मोजावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन ते अकरा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो! त्या बाळाला न्यूमोनिया होता. उपचार वेळेवर मिळाले व ते बरे झाले.

हेअरस्प्रिंग मोडली ती उतावीळपणाने, आणि त्या दिवशी जवळजवळ तीच चूक मी एका जिवंत बाळाच्या बाबतीत केली होती. हातात कौशल्य असल्याचा विश्वास हा दोन्हीकडे सारखाच घातक.

आता बाळ तपासताना मी घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवतो. हात धुण्यासाठीही ते बरे. त्याचा काटा साठ सेकंद घेतो आणि तेवढा वेळ मीही देतो. वाचकांपैकी कोणी हा छंद धरोत वा न धरोत, पुढच्या खोकणाऱ्या बाळासमोर एक पूर्ण मिनिट थांबावे, एवढीच विनंती.